धर्मांतर आणि देवाची भेट

गंगाखेड हें आमच्या परभणी जिल्ह्यांतील गोदावरीकांठचें गांव. संत जनाबाईचें तें जन्मस्थान. तिच्या दळणाला विठ्ठल हात लावीत असे, ही कथा ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालों. देव आहे असें मानणें निराळें आणि तो जात्याशीं आपल्यासमोर येऊन बसला असें अनुभवणें निराळें, हें त्या कथेनें आम्हांस नकळत शिकविलें. ख्रिस्ती लोकांतहि हा भेद मोठ्या कळकळीनें मानणारे पुष्कळ आहेत. ते त्या अनुभवास ‘नवा जन्म’ म्हणतात. योहानाच्या शुभवर्तमानांत निकदेम नांवाचा एक विद्वान शास्त्री रात्रीच्या वेळीं येशूकडे येतो, आणि लोकांस शिकविणाऱ्या त्या पंडितालाच, तुझा जन्म पुन्हां झाला पाहिजे, असें ऐकावें लागतें. आम्हां मास्तर मंडळींस तो प्रसंग जरा झोंबतो.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे ही भेट आपोआप होते काय? या प्रश्नाचें उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत मिळतें.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस व कन्येस संस्कृत शिकविलें; पुराणें सांगत कुटुंब तीर्थोतीर्थीं हिंडलें. दुष्काळांत आईबाप गेले. १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलेल्या या मुलीस तेथील पंडितांनीं ‘सरस्वती’ म्हणून गौरविलें. १८८० सालीं विवाह, १८८२ सालीं वैधव्य. पुढच्याच वर्षीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथील जोगिणींनीं त्यांस लंडनच्या फुलहॅम भागांतील आपला आश्रम दाखविला. समाजानें टाकून दिलेल्या स्त्रिया तेथें मायेनें सांभाळल्या जात होत्या. अशांवर कोणी दया कां करावी, असें बाईंनीं विचारलें. उत्तरादाखल त्यांस शोमरोनी स्त्रीची कथा वाचावयास मिळाली. १८८३ च्या सप्टेंबरांत वाँटेज येथें मुलीसह त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

येथें चरित्र संपावयास हवें होतें, असें वाचकास वाटतें. तें संपत नाहीं. धर्ममताच्या कलमांवरून त्यांचे आपल्या गुरुभगिनींशींहि खटके उडत राहिले. जें बुद्धीस पटलें नाहीं तें मानण्यास त्या तयार नव्हत्या. १८८९ सालीं मुंबईस शारदासदन निघालें, पुढें तें पुण्यास आलें. कामाचा व्याप वाढला, परंतु आंत उणीव होती. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचें आत्मकथन त्यांच्या वाचनांत आलें. हा गृहस्थ वर्षानुवर्षें उपदेश करीत असे. १८५१ सालीं आपल्याच व्यासपीठावर बोलतां बोलतां आपणांस ख्रिस्त भेटलेलाच नाहीं हें त्यास उमगलें आणि तेथेंच त्याचें जीवन पालटलें! रमाबाई चपापल्या. आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सांपडला नाहीं, अशा आशयाची कबुली त्यांनीं पुढें १९०७ सालीं स्वतः लिहिली. बाप्तिस्म्यास तेव्हां आठ वर्षें झालीं होतीं. बायबलाविषयीं वाचणें सोडून त्या बायबलच वाचूं लागल्या. आपल्या कर्तबगारीनें पाप फिटत नाहीं, क्षमा मागून घ्यावी लागते, हें त्यांनीं लेकराप्रमाणें स्वीकारलें. पाठ म्हणून दाखविणाऱ्या मुलास एके दिवशीं अर्थ कळावा, तसें हें झालें. उभा जन्म पाठांतर करवून घेतल्यावर मला त्याची किंमत कळते.

या भेटीचा परिणाम इतरांनाहि सोसावा लागला. बाईंची प्रार्थना उघड्या दारानें चाले. मुली तींत येऊन बसूं लागल्या. १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृतींनीं सदनाशीं असलेला संबंध तोडला आणि बऱ्याच पालकांनीं मुली नेल्या. पालकांचा राग मी निराधार म्हणणार नाहीं. सदन धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील या भरंवशावर त्यांनीं मुली धाडल्या होत्या. तथापि १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों अनाथ मुली केडगांवीं आणून सांभाळणारीहि हीच बाई. तेथेंच इब्री व ग्रीक शिकून तिनें सबंध बायबल सोप्या मराठींत उतरविलें आणि १९२२ सालीं देह ठेविला.

टिळक पतिपत्नींची वाट निराळी. नारायण वामन टिळकांस १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका अनोळखी युरोपियनानें ‘नवा करार’ दिला. डोंगरावरील प्रवचन वाचून ते गुंतले, आणि १८९५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र मागें राहिल्या. सोंवळ्यांत वाढलेली ही बाई कांहीं वर्षें पतीपासून दूर होती. एकत्र आल्यावरहि स्वयंपाक, पाणी सारें वेगळें. केवळ पति ख्रिस्ती झाला म्हणून धर्म बदलण्यास त्या राजी नव्हत्या, आणि मला त्यांचा हा हट्ट फार आवडतो. ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत त्यांनीं लिहिलें आहे कीं, जातीजातींतला भेद ईश्वरानें नव्हे, माणसानें केला, हें त्यांचें त्यांनाच एकदां विचार करतां करतां दिसलें. तेव्हांपासून कोणाच्याहि हातचें पाणी पिण्यास त्या सिद्ध झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं झाला.