करंगळीएवढी नळी

टर्बो असलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं की बघणाऱ्याची नजर आधी मोठ्या गोष्टींवर जाते. जाड पाइप, इंजिनावरचं कव्हर, पुढच्या जाळीआडचा इंटरकूलर. मी मात्र दर वेळी एक बारकी रबरी नळी शोधतो. जेमतेम करंगळीएवढी, वीतभर लांब, दोन टोकांना दोन क्लिपा. तिचं एक टोक टर्बोला, दुसरं शेजारच्या पत्र्याच्या डबीला. इंजिनाने किती जोर लावायचा हे पुष्कळ गाड्यांमध्ये या नळीतली हवा ठरवते. आणि ही नळी घरच्या अंगणात, एका स्क्रूड्रायव्हरने, दोन मिनिटांत निघते. हे मला पहिल्यांदा समजलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो, पण ते अर्धंच झालं. एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण अकरा किलो हवा लागते, म्हणजे जवळपास ९,००० लिटर. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची बंद खोली डोळ्यांपुढे आणा. त्या खोलीतली सगळी हवा तीन लिटर पेट्रोलमध्ये संपते. पेट्रोल आत ढकलणं सोपं आहे, पंप ते करतो. हवेचं तसं नाही. पिस्टन खाली सरकतो, आत जागा होते, आणि बाहेरचं वातावरण आपल्या दाबाने जेवढी हवा आत लोटेल तेवढीच मिळते. १.२ लिटरचं इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर फार तर ३,००० लिटर. त्याहून जास्त हवी असेल तर इंजिन मोठं करा, नाहीतर हवाच घट्ट करा.

हवा घट्ट करण्याची युक्ती आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये पेटंटात मांडली. धुराड्यातून जी गरम वाफारलेली हवा आपण फेकून देतो, तिच्यात अजून बराच दम शिल्लक असतो. तिच्या वाटेत एक पंखा बसवा. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा बसवा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरेल. बस, एवढाच टर्बो. दोन्ही पंखे तळहातात मावतील एवढे, पण लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांवर फेरे घेतो. पापणी लवते तेवढ्यात त्याच्या तीनशेहून जास्त गिरक्या झालेल्या असतात. एका टोकाला नऊशे अंशांच्या घरातला धूर, दुसऱ्या टोकाला आपली साधी हवा, आणि मधे अंतर जेमतेम बोटभर. दांडा बेअरिंगच्या धातूला टेकतही नाही. केसाहून पातळ अशा तेलाच्या थरावर तो तरंगत असतो. म्हणून टर्बोवाल्या गाडीचं ऑइल वेळेवर बदलायचं, आणि घाट चढून आल्यावर चावी लगेच फिरवायची नाही. इंजिन बंद झालं की तेलाचा प्रवाह थांबतो, आणि तापलेल्या दांड्याभोवती उरलेलं तेल जळून कोळसा होतं. जुने ट्रकचालक घाटमाथ्यावर मिनिट-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवतात, त्यामागे हेच आहे.

या पंख्याची परीक्षा १९१८ मध्ये अमेरिकेत एका डोंगरावर झाली. सॅनफर्ड मॉस हा इंजिनिअर विमानाचं लिबर्टी इंजिन घेऊन पाइक्स पीकवर चढला, १४,००० फुटांच्या वर. खाली सपाटीला ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन विरळ हवेत २३० वर आलं. टर्बो जोडला आणि ते ३५६ वर गेलं. डोंगरावर बसून सपाटीपेक्षा जास्त! विरळ हवेत धापा टाकणाऱ्या इंजिनाला त्याच्याच उच्छ्वासाने पुन्हा श्वास दिला होता.

आता नळीकडे येऊ. जास्त हवा म्हणजे जास्त धूर, जास्त धूर म्हणजे पंखा आणखी वेगात, म्हणजे आणखी हवा. हे चक्र स्वतःहून थांबणार नाही; इंजिन फुटेल तेव्हाच थांबेल. त्याला लगाम घालायला धुराच्या वाटेत एक छोटी झडप असते, तिला वेस्टगेट म्हणतात. झडप उघडली की थोडा धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो. झडप उघडायची कधी, हे ती पत्र्याची डबी सांगते. डबीत एक रबरी पडदा आणि एक स्प्रिंग. नळीतून येणारा दाब स्प्रिंगला भारी पडला की डबीतली कांडी सरकते आणि झडप उघडते. समजा, स्प्रिंग अर्ध्या बारची आहे. मग बूस्ट अर्ध्या बारला अडतं, म्हणजे वातावरणाच्या नेहमीच्या दाबाच्या वर आणखी निम्मा.

आणि या डबीचे कान फुंकता येतात. नळीत टीच्या आकाराचा एक जोड बसवायचा आणि त्यातून थोडी हवा बाहेर सोडायची. डबीला खरा दाब कळतच नाही. प्रत्यक्षात पाऊण बार झालेला असतो, डबीला वाटतं अजून अर्धाही नाही, आणि झडप बंदच राहते. जगभरच्या हौशी लोकांनी यासाठी फिश टँकच्या हवेच्या नळीतला चिमुकला प्लास्टिकचा व्हॉल्व्ह वापरलेला आहे. माशांना किती बुडबुडे सोडायचे ते ठरवणारा तोच व्हॉल्व्ह! कुणी नळीला हातही न लावता डबीची कांडी आट्यांवर दोन फेरे आखूड करतं, त्यानेही झडप उशिरा उघडते. टर्बोच्या गाडीचं वेड लागतं ते इथे. साध्या इंजिनाची ताकद वाढवायला कॅमशाफ्ट, पिस्टन, हेड, सगळं उघडावं लागतं. इथे एक स्क्रू पाव फेरा फिरवला की सीट पाठीला ढकलते.

मग कंपनीने हा पाव फेरा स्वतःच का नाही फिरवला?

सायकलच्या पंपाचं खालचं टोक हवा भरताना चटका देतं, ते आठवा. हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर टर्बोतून बाहेर पडताना ती १२० अंशांच्या आसपास असते. तापलेली हवा पुन्हा विरळ, म्हणजे कमावलेलं गमावलं. इंटरकूलर तिला ४५ अंशांपर्यंत आणतो तेव्हा त्याच जागेत जवळजवळ पाव हिस्सा जास्त हवा मावते. त्याच्या पात्यांत अडकलेला चिखल आणि किडे हलक्या धारेने धुऊन काढणं हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित फेरबदल आहे, पैशाचाही खर्च नाही.

पण विरळपणा ही छोटी अडचण. मोठी अडचण नॉकिंगची. ठिणगी पडली की सिलिंडरमध्ये ज्योत एका टोकाकडून दुसरीकडे पसरत जाते, गवताला लावलेल्या आगीसारखी, फक्त खूप वेगाने. कोपऱ्यात अजून न जळलेलं मिश्रण तिची वाट बघत असतं, आणि तेवढ्यात दाबाने तापत जातं. जास्त तापलं तर ज्योत पोचायच्या आधीच ते एकदम पेटतं. दाबाची लाट भिंतींवर आपटत राहते, सेकंदाला सहा-सात हजार वेळा. ऐकणाऱ्याला खडखड जाणवते. पिस्टनला तो हातोडा असतो, आणि असे हातोडे पुष्कळ बसले की रिंगांमधली धातूची कड तुटते. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ही न पेटता वाट बघण्याची ताकद मोजतो.

स्वीडनमधल्या ट्रोलहेटान गावच्या साब कंपनीपुढे हाच प्रश्न होता. १९७७ मध्ये तिने दोन लिटरची ९९ टर्बो दाखवली, १४५ अश्वशक्तीची. रोज कामावर न्यायची टर्बो गाडी ही कल्पना रुजवण्यात तिचा वाटा मोठा. पण पेट्रोल देशोदेशी निराळं, म्हणून बूस्ट सगळ्यात वाईट पेट्रोल गृहीत धरून ठेवावं लागे. पेर यिलब्रांड या साबच्या इंजिनिअरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला उपाय मला अजूनही थक्क करतो. त्यांनी इंजिनाच्या ब्लॉकवर एक सेन्सर बसवला, खडखड ऐकणारा. आणि त्या करंगळीएवढ्या नळीच्या वाटेत विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. खडखड नाही, तोवर डबीकडे जाणारी हवा चोरत राहायची. खडखड ऐकू आली की चोरी थांबवायची. फिश टँकचा व्हॉल्व्ह जे आंधळेपणाने करतो तेच, पण कान उघडे ठेवून. टाकीत कोणतं पेट्रोल आहे हे आता गाडी स्वतः चाखून ठरवायची. १९८० च्या दशकातल्या साबमध्ये आलेल्या या यंत्रणेचं नाव एपीसी. तिच्या डब्यात पी, एफ आणि के अशा तीन बारीक फिरक्या असतात, आणि साबवेडे लोक आजही त्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने फिरवतात. जाणते लोक के या फिरकीशी फार जपून वागतात. ती इंजिनाच्या कानाची आहे. तिला बहिरं केलं की मग बाकी कशाचाच भरवसा नाही.

आपला कान लावण्याचीही सोय आहे. तांब्याच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं करायचं, त्याला भोक पाडून ते ब्लॉकच्या एखाद्या बोल्टखाली आवळायचं. दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी, ती फायरवॉलमधून, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्यातून, गाडीच्या आत, आणि कारखान्यात वापरतात तशा कानझाकणीला जोडायची. झाला इंजिनाचा स्टेथोस्कोप. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी जागच्या जागी पळत असताना एकजण कानाला लावून बसतो. नेहमीच्या घरघरीतून फुटाणे फुटल्यासारखा एक आवाज आला की तो हात वर करतो, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो.

इंटरकूलरखेरीज सिलिंडर थंड ठेवायचा दुसरा मार्ग ओला आहे. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये पाणी आणि मेथनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. ते वाफ होताना उष्णता शोषून घेई. मालक टाकी भरायला विसरत, आणि मग गाडी बूस्टच दाबून धरी. इथेनॉलमध्येही हाच गुण आहे, वर ऑक्टेनही चढा. त्यामुळे परदेशातले ट्यूनर ८५ टक्के इथेनॉलच्या इंधनावर जीव टाकतात, अर्थात त्यासाठी मोठे इंजेक्टर लागतात. आपल्या पेट्रोलमधल्या इथेनॉलचा बराच भाग उसातून येतो. कोल्हापूरकडच्या शेतातला ऊस मळी होऊन, मळीचं इथेनॉल होऊन शेवटी कुणाच्या तरी सिलिंडरमध्ये नॉकिंग आवरतो, ही साखळी मला फार आवडते.

पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनलेली पोलो आपल्याकडच्या हौशी लोकांची लाडकी. १.२ लिटरचं साधं इंजिन ७५ अश्वशक्तीचं. २०१३ मध्ये आलेल्या तिच्याच जीटी टीएसआयचं जवळपास तेवढंच, टर्बो लावलेलं इंजिन १०५ चं. या पिढीत ताकदीचा हिशेब नळीपेक्षा मॅपमध्ये जास्त असतो. मॅप म्हणजे आकड्यांचे तक्ते, एका बाजूला फेरे, दुसऱ्या बाजूला भार, आणि प्रत्येक घरात एक उत्तर: किती बूस्ट, किती पेट्रोल, ठिणगी किती आधी. रीमॅप करणारा ही घरं बदलतो. पण गाडी म्हणजे एकटं इंजिन नव्हे. त्या पोलोचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या जोरासाठी बनवलेला. इंजिन मूळचं १७५ चं. मधली जागा मोठी दिसते खरी, पण तीच क्लचचं आयुष्य आहे, आणि ती सगळी खाऊन टाकणाऱ्या मॅपला मी चांगला मॅप म्हणणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल रोखतं, विम्याचा दावाही अडू शकतो. हे माहीत असूनच ट्रॅकच्या गाडीला हात घालावा, रोजच्या रस्त्यावरच्या नाही.

रोजच्या गाडीवर रविवारी सकाळी करण्यासारखं काम वेगळंच आहे. मित्राच्या जुन्या टर्बो गाडीवर आम्ही ते केलं. तिचं बूस्ट कंप्युटर नाही, फक्त स्प्रिंग आणि नळी सांभाळते. पीव्हीसी पाइपचं झाकण घेतलं, त्याला भोक पाडून टायरचा व्हॉल्व्ह बसवला, आणि ते टर्बोच्या तोंडावर क्लिपने आवळलं. पायपंपाने हळूहळू अर्धा बार हवा भरली. मग ब्रशने साबणाचं पाणी लावत प्रत्येक जोड पाहत गेलो, पंक्चरवाला ट्यूब पाण्यात फिरवतो तसं. हवा कुठे निसटत असेल तर तेवढाच दाब धरायला टर्बोला उगाच जास्त पळावं लागतं, म्हणून हा उद्योग. मोठे पाइप कोरडे. इंटरकूलरचे दोन्ही जोड कोरडे. मित्र म्हणाला, "अरे, गाडीला काही झालेलंच नाहीये. उलट दोन महिने झाले, पिकअप कसला सुटलाय!"

मी ब्रश त्या बारक्या नळीवर फिरवला. डबीच्या क्लिपपाशी पांढऱ्या बुडबुड्यांचा घोस उगवला आणि वाढतच गेला.

उन्हाने वाळून रबर तिथे चिरलं होतं. त्या चिरेतून हवा निसटत होती, डबीला खरा दाब कळत नव्हता, आणि दोन महिने गाडी कुणीही न ठरवलेल्या बूस्टवर पळत होती. वीतभर नवी नळी आणली, दोन क्लिपा आवळल्या, पुन्हा हवा भरली. या वेळी पंपाचा काटा जागचा हलला नाही. दुपारी तो गाडी घाटात फिरवून आला आणि खाली उतरता उतरता म्हणाला, "गेला रे पिकअप." मी जुनी नळी त्याच्या हातात दिली. त्याने ती वाकवली, चीर ओठांसारखी उघडली, सोडली तशी मिटली. बराच वेळ तो ती उघडून मिटून बघत राहिला.