फ्रॅमिंगहॅम: रक्तदाबापासून विस्मरणापर्यंत

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दुपारी त्यांचा रक्तदाब ३००/१९० होता, असं त्यांच्या डॉक्टरांनी पुढे नोंदवलं. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असं तेव्हा कितीतरी डॉक्टर मानत. १९४८ मध्ये बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅममध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली, ती हृदयविकाराचा माग काढायला. मेंदूचा धागा पुढे बोस्टन विद्यापीठाचे न्यूरॉलॉजिस्ट फिलिप वुल्फ यांनी हाती घेतला.

पक्षाघात म्हणजे नशिबाचा घाला, हा समज या अभ्यासाने खोडून काढला. १९७० मध्ये वुल्फ यांचा सहभाग असलेल्या गटाने रक्तदाबाचा वाटा दाखवला. मला १९७८ चा निष्कर्ष त्याहून मोलाचा वाटतो. हृदयाच्या झडपा संधिज्वराने बिघडलेल्या नसल्या, तरी ठोके कायम अनियमित पडत असतील तर पक्षाघाताचा धोका पाचपटीहून अधिक! गुठळी धरते हृदयाच्या वरच्या कप्प्यात आणि वाचा जाते माणसाची. मनगटावर बोटं ठेवली तरी ज्याची शंका यावी, असं हे लक्षण.

स्मृतिभ्रंशाची पद्धतशीर नोंद सत्तरच्या दशकात सुरू झाली. पुढे ठरावीक प्रश्नही आले: तीन शब्द सांगायचे, मधे दुसरंच काही विचारायचं, मग तेच शब्द आठवायला लावायचे. शंका आली की सविस्तर तपासणी. हे चिकाटीचं काम फळाला आलं २०१६ मध्ये. भारतात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या सुधा शेषाद्री यांच्या गटाने दाखवलं, की साठीपुढच्यांत पाच वर्षांत स्मृतिभ्रंश जडण्याचं प्रमाण सत्तरच्या दशकाअखेरीस शेकडा ३.६ होतं, ते तीन दशकांत २.० वर आलं. तो टाळणारं एकही औषध हाताशी नसताना! पक्षाघात झालेल्यांनाही तो पूर्वीइतका जडत नव्हता. रक्तदाब आटोक्यात आल्याचं हे फळ असावं. पण तेवढ्याने सगळा उलगडा होत नाही, हेही त्यांनीच लिहिलं.

ही घट दिसली ती निदान हायस्कूल पूर्ण केलेल्यांतच. मला हीच ओळ सर्वांत अस्वस्थ करते. शिवाय मूळ गट जवळपास सगळा गोऱ्यांचा. इतरांना सामावणारा ‘ओम्नी’ गट १९९४ मध्ये आला. भारतातल्या २०१७-२० च्या पाहणीत साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंश ७.४ टक्के निघाला आणि तोही बायकांत, खेड्यांत, कमी शिकलेल्यांत जास्त. ‘वय झालं, विसरायचंच’ असं म्हणत ज्यांचा रक्तदाब चाळिशीत कुणी मोजलाच नाही, त्या बहुधा याच बायका.