तीन न्यायासनें आणि चाळीसगांवचा टांगा

एखाद्या कृत्याचें योग्यायोग्य ठरवावयाचें झालें म्हणजे माणूस सामान्यतः तीन ठिकाणीं जातो. कायदा काय म्हणतो हें तो विचारतो. धर्मग्रंथांत काय सांगितलें आहे हें पाहतो. आणि कित्येकदां, आपल्या न कळत, लहानपणीं वाचलेल्या एखाद्या गोष्टीच्या आधारानें मनाशीं निवाडा करतो. हीं तीन न्यायासनें एकच निकाल देतात काय? खानदेशांतील चाळीसगांव येथें १९२९ सालीं घडलेली एक घटना तिन्हींपुढें ठेवून पाहण्यासारखी आहे.

अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्याकरितां मुंबई सरकारनें नेमलेल्या समितीचे सभासद या नात्यानें डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या सालीं खानदेशांत आले होते. धुळें मार्गावरील एका गांवीं अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता. त्याची माहिती घेऊन ते आगगाडीनें चाळीसगांवास परतले. रात्रीं मुक्काम करावा, असा तेथील महार मंडळींचा आग्रह होता. स्टेशनावर हार घालून स्वागत झालें. पण तासभर कोणी हलेना. अखेर एक टांगा आला. तो हांकणारा इतका नवखा होता, कीं थोड्याच अंतरावर मोटारीशीं टक्कर होतां होतां टळली. पुढें नदीवरील बिनकठड्याच्या फरशीपाशीं घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळलें, बाबासाहेब फरशीवर फेंकले गेले आणि घोड्यासह टांगा नदींत कोसळला. त्यांच्या पायाचें हाड मोडलें.

उशिराचें कारण त्यांना मागाहून कळलें. अस्पृश्य उतारूला बसवून टांगा हांकणें टांगेवाल्यांना कमीपणाचें वाटत होतें. पाहुण्यानें पायीं चालत यावें, हें यजमानांना रुचेना. तेव्हां तडजोड निघाली : टांगा भाड्यानें मिळेल, हांकणारा मात्र ज्याचा त्यानें पाहावा. यजमानांपैकीं कोणालाच टांगा हांकण्याची संवय नव्हती. तरी एकानें लगाम हातीं घेतला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनांत बाबासाहेबांनीं ही हकीकत लिहून ठेवली आहे. आपली प्रतिष्ठा राखण्याकरितां यजमानांनीं आपला जीव धोक्यांत घातला, हें ते स्पष्ट सांगतात. आणि बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षांहि टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ मानूं शकतो, हें आपणांस तेथें उमगलें, असेंहि ते नमूद करतात.

यांत दोषी कोण? प्रथम कायद्याकडे जावें. त्या वेळीं लागू असलेल्या १८६० च्या भारतीय दंडविधानांत हयगयीनें वाहन हांकणें हा गुन्हा होता, आणि हाड मोडणें ही जबर दुखापत गणली जाई. या मापानें पाहिलें तर बोट प्रथम वळतें तें लगाम धरणाऱ्या त्या बिचाऱ्याकडे. नकार देणारा टांगेवाला अपघाताच्या जागीं नव्हताच. म्हणजे अडचण निभावण्याकरितां जो पुढें झाला तो सांपडतो, आणि ज्यानें अडचण उत्पन्न केली तो सुटतो. कायद्यानें ही उणीव पुढें भरून काढली. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमानें सार्वजनिक वाहनाचा उपयोग नाकारणें शिक्षेस पात्र ठरविलें. १९७६ पासून तोच नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. कायदा शिकतो, परंतु सावकाश. तो शिकेपर्यंत कोणाचें तरी हाड मोडलेलें असतें.

धर्मग्रंथापुढें टांगेवाला म्हणेल, ‘मीं माझा आचार पाळला.’ विटाळाला आधार देणारे ग्रंथ आहेत, हें नाकारतां येत नाहीं. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाड येथें मनुस्मृतीचें दहन झालें. परंतु धर्मग्रंथ एकमुखी नाहींत. महाभारताच्या कर्णपर्वांत श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. सदैव सत्य बोलण्याचें या तपस्व्याचें व्रत होतें. दरोडेखोरांना भिऊन कांहीं माणसें रानांत दडलीं. दरोडेखोरांनीं विचारतांच कौशिकानें त्यांची वाट खरीखुरी दाखविली. माणसें मारलीं गेलीं. कौशिकाचें व्रत अभंग राहिलें, आणि तो नरकांत गेला. स्वतःची शुद्धि राखण्याची किंमत ज्यानें दुसऱ्यांकडून वसूल केली, त्याला हा ग्रंथ धार्मिक म्हणावयास तयार नाहीं.

आतां गोष्टीकडे वळूं. अमळनेर येथें शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ लिहिली. तींत एका वृद्ध महार बाईची मोळी उचलून देण्याचा प्रसंग आहे. श्यामनें मोळी उचलून द्यावी आणि मग स्नान करावें, असें आई सांगते. ही देखील तडजोडच होय. रूढि तींत पुरती मोडत नाहीं. त्या स्नानांत अपमानाचा अंश उरतोच. परंतु येथें मोळी आधीं उचलली जाते, आणि स्नानाचा त्रास पडतो तो आपल्याच मुलाला. चाळीसगांवीं टांगेवाल्याला भाडें मिळालें, त्याचा मानहि राहिला. किंमत दिली ती उतारूच्या पायानें. साने गुरुजी स्वतः तडजोडीवर थांबले नाहींत. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलें व्हावें, म्हणून १९४७ च्या मे महिन्यांत त्यांनीं प्राणांतिक उपोषण केलें. तेथें किंमत त्यांनीं स्वतःच्या देहानें देऊं केली.

कायदा कृत्य पाहतो, गोष्ट मन दाखविते, ग्रंथ दोन्हींचा मेळ घालूं पाहतो. तिन्हींच्या निकालांत अंतर पडलें तरी एक प्रश्न तिन्हींना विचारतां येतो : या तडजोडीची किंमत कोणाच्या पदरीं पडली? यजमानांची चूक होती. पण तीहि दुसऱ्याच्या नकारांतून जन्मलेली. हा प्रश्न इतिहासापुरता नाहीं. घरकामाला येणाऱ्या बाईंकरितां चहाचा पेला वेगळा ठेवून ‘उगाच वाद नको’ असें म्हणणाऱ्या घरांतहि एक तडजोड रोज होत असते. वाद टळतो, घराचा आचार राहतो. मोल मात्र तो पेला हातीं घेणारीला द्यावें लागतें.