मुलांमधील मल्टिपल स्क्लेरोसिस

मल्टिपल स्क्लेरोसिस हा तरुणांचा रोग होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे व ती पुष्कळ अंशीं खरीहि आहे. वीस ते चाळीस या वयांत तो बहुधा प्रकट होतो. मेंदू, मज्जारज्जु व डोळ्यांकडे जाणारे मज्जातंतु यांतील तंतूंवर विजेच्या तारेवरील वेष्टणासारखें एक स्निग्ध आवरण असतें. या रोगांत शरीराची रक्षकशक्तीच त्या आवरणावर उलटते आणि जागोजागीं कठीण डाग पडतात. पॅरिसचे वैद्य शार्को यांनीं १८६८ सालीं या डागांचा व रोगलक्षणांचा संबंध दाखविला.

मग लहान मुलें यांतून सुटलीं काय? तसें नाहीं. मल्टिपल स्क्लेरोसिस इंटरनॅशनल फेडरेशनच्या २०२० सालच्या गणनेंत जगांत सुमारें २८ लक्ष रोगी आढळले. त्यांत १८ वर्षांखालील निदान ३०,००० होते. हें प्रमाण शेंकडा एकच दिसतें. परंतु मूल मोठें होतें, रोग मात्र जन्मभर राहतो आणि पुढें त्याची गणना प्रौढांत होते. म्हणून रोगाचा आरंभ कोणत्या वयांत झाला, हें पाहिल्यास शंभरांतील तीन ते पांच रोग्यांस तो अठराव्या वर्षापूर्वींच जडलेला असतो. दहा वर्षांखालीं तो फारच विरळा. वयांत येण्यापूर्वीं मुलगे व मुली यांत फारसा भेद नसतो. पुढें मुलींची संख्या दुपटीतिपटीनें वाढते.

हें विरळपणच घातक ठरतें. एका डोळ्यास अंधुक दिसणें, हातापायांस मुंग्या येणें, तोल जाणें, लवकर थकणें हीं याचीं लक्षणें कांहीं आठवडे राहून ओसरतात. अक्षर बिघडलें, पाठ लक्षांत राहिला नाहीं, कीं शाळेंत आळसाचा शिक्का बसतो. आणि तक्रार आपोआप थांबली म्हणजे मूल ढोंग करीत होतें, असें घरच्यांसहि वाटतें. वास्तविक मुलांस असे झटके प्रौढांपेक्षां अधिक वेळां येतात. त्यांतून तीं लवकर सांवरतात खरीं. पण पुढें पंगुत्व आलेंच, तर ऐन उमेदीच्या वयांत येतें.

अर्थात् प्रत्येक मुंगीस भिण्याचें कारण नाहीं. अशा तक्रारींचीं कारणें बहुधा निराळींच व साधीं असतात. तथापि दृष्टि मंदावली, चालतांना तोल जाऊं लागला किंवा तीच तक्रार फिरून उद्भवली, तर मज्जातंतूंच्या तज्ज्ञास दाखवावें. तो एम्. आर्. आय्. चित्रावरून डाग पाहतो व याच्याशीं साम्य असलेले इतर रोग वगळतो. रोग समूळ जात नाहीं. परंतु झटके कमी करणारीं औषधें आहेत. त्यांपैकीं फिंगोलिमॉड हें दहा वर्षांवरील मुलांस देण्यास अमेरिकेंत २०१८ सालीं मान्यता मिळाली. उपचार जितका लवकर, तितकी मुलाच्या मेंदूची हानि टळण्याचा संभव अधिक. यास्तव मुलाची तक्रार खोटी ठरविण्यापूर्वीं ती तपासून घेणें, हेंच पालकांचें व शिक्षकांचें कर्तव्य होय.