कुरतडणाऱ्या पिल्लांची खेळणी

चिंचवड आणि चिंचिला या नावांत साम्य आहे ते केवळ उच्चाराचे. चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला, दाट मऊ केसांचा कृंतक, म्हणजे उंदीर-खारींच्या गणातला प्राणी. १९२३ साली मॅथियस चॅपमन या अमेरिकी खाण-अभियंत्याने ११ चिंचिला चिलीतून कॅलिफोर्नियात नेले. आज पाळले जाणारे बहुतेक चिंचिला त्यांचेच वंशज मानले जातात. पिंपरी-चिंचवड परिसरात हा पाहुणा विरळाच. ससे आणि गिनीपिग अधिक. पण तिघांच्याही पिल्लांना खेळणे देताना एकच प्रश्न आधी विचारायला हवा: हे पोटात गेले तर काय होईल?

हा प्रश्न का, ते दातांवरून कळते. या प्राण्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात. चिंचिलाचे तर वर्षाला पाच ते सात सेंटिमीटर. दाताच्या पुढच्या बाजूला कठीण दंतवल्क असते, मागे त्याहून मऊ दंतिन. मऊ भाग लवकर झिजतो आणि सुताराच्या पटाशीसारखी धार आपोआप राहते. कुरतडणे ही खोडी नव्हे, गरज आहे. चिंचिलाचे पिल्लू तर डोळे उघडे, अंगावर केस आणि तोंडात दात घेऊनच जन्मते. थोड्याच दिवसांत ते दिसेल ते चावून पाहू लागते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या तिघांच्या दाढाही सतत वाढतात. लाकूड कुरतडल्याने पुढचे दात झिजतात; दाढा झिजतात त्या वाळलेले गवत चघळल्याने. म्हणून खेळणे कितीही चांगले असले तरी ते गवताची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या प्राण्यांना उलटी करता येत नाही. गिळलेला प्लॅस्टिकचा तुकडा परत येत नाही. तो आतड्यात अडकू शकतो. सुती दोरा पोटात जातो, पिल्लाच्या बोटांभोवतीही आवळला जातो. प्लायवुडमध्ये डिंकवजा रसायने असतात, जस्ताच्या मुलाम्याच्या तारेत जस्त, तर जुन्या रंगात शिसे असू शकते. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी मुलांच्या हातात शोभतात, पिंजऱ्यात नकोत.

मग साधे लाकूड तरी चालेल ना? चाकण-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रांच्या सुट्या भागांबरोबर येणाऱ्या खोक्यांचे आणि पॅलेटचे लाकूड सहज मिळते. त्यावर गव्हाच्या कणसासारखी खूण असलेला शिक्का दिसतो. त्यात 'एचटी' ही अक्षरे असतील तर लाकडाचा गाभा सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश सेल्सिअसला तापवलेला असतो. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते; ते लाकूड घेऊच नये. पण 'एचटी' शिक्क्याचाही अर्थ नीट समजून घ्यावा. लाकडातली कीड मेली, एवढेच तो सांगतो. त्यावर नंतर वंगण सांडले की रसायन, हे तो सांगत नाही. ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, ते लाकूड पिल्लाच्या तोंडी देऊ नये.

त्यापेक्षा फवारणी न केलेल्या तुतीच्या फांद्या घ्याव्यात. बोटभर लांबीचे तुकडे करावेत, घासून धुवावेत, उकळावेत आणि काही आठवडे उन्हात खडखडीत वाळवावेत. बुरशी दिसली तर तुकडा टाकून द्यावा. टांगायचे असल्यास दोऱ्याऐवजी स्टेनलेस स्टीलचा बोल्ट वापरावा. रस्त्याच्या दुभाजकात असते ती कण्हेर मात्र चुकूनही नको; तिचे विष हृदयावर परिणाम करते. लपायला कुंभाराकडचे, न रंगवलेले मडके आडवे ठेवावे. पिल्लांची हाडे नाजूक असतात, म्हणून उड्या मारायच्या फळ्या सुरुवातीला जमिनीलगत असाव्यात. पळायचे चाक सलग पृष्ठभागाचे हवे. तारांच्या चाकात पाय अडकून मोडतो.

बसायला शहाबादी फरशीचा तुकडा, कडा घासून, द्यावा. तो अंगातली थोडी उष्णता ओढून घेतो. पण चिंचिलाला २५ अंशांपुढचे तापमान त्रासदायक होऊ लागते आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ३८ अंशांवर जातो. नुसता पंखा पुरत नाही. पंखा आपला घाम वाळवून आपल्याला थंड करतो. चिंचिलाला घामच येत नाही. खोली थंड ठेवणे शक्य नसेल तर हा प्राणी न पाळणेच योग्य.

वर्गात एक प्रयोग करता येईल. सारख्या लाकडाचे दोन तुकडे वजन करून घ्या. एक सशाच्या किंवा गिनीपिगच्या पिंजऱ्यात ठेवा, दुसरा शेजारीच, पण बाहेर. आठवड्याने दोन्हींचे पुन्हा वजन करा आणि पिंजऱ्यात पडलेला भुसा गोळा करून, वाळवून तोही तोला. बाहेरच्या तुकड्याच्या वजनातला बदल हवेतल्या ओलाव्यामुळे झालेला असतो. तेवढी दुरुस्ती करा. आतल्या तुकड्याची घट भुशाच्या वजनाहून जास्त भरली, तर तो फरक कुठे गेला, हे विद्यार्थ्यांनाच विचारा. उत्तर सापडले की पुढचे खेळणे ते स्वतःच पारखून निवडतील.