एकच भाव सांगणाऱ्या दुकानात जुनी गाडी विकताना



गळीत हंगाम संपत आला आणि उसाच्या बिलाचे पैसे खात्यावर पडले, की पुष्कळ घरांतून एक विचार सुरू होतो. जुनी मोटार काढावी, थोडी भर घालावी आणि नवी घ्यावी. पूर्वी अशा वेळी ओळखीचा गॅरेजवाला किंवा तालुक्याच्या गावचा एजंट गाठायचा, हा ठरलेला रस्ता होता. हल्ली मोठ्या शहरांत जुन्या गाड्या विकत घेणारी संघटित दुकाने निघाली आहेत. तिथे गाडी नेली, की त्यांचा माणूस ती तासभर तपासतो, संगणकावर आकडा काढतो आणि सांगतो, “आमचा भाव एवढा. पटला तर द्या, नाही तर खुशाल परत न्या.” घासाघीस नाही, चहापाण्यानंतर पाचदहा हजार वाढणे नाही.

पट्टीच्या चौकशीसाठी कार्यालयात आलेल्या काही सभासदांनी आम्हाला विचारले, की अशा ठिकाणी गाडी देणे बरे की वाईट? आमचे उत्तर थोडक्यात असे, की वाईट मुळीच नाही. पण घासाघीस नाही म्हणून आपण डोळे मिटून सही करावी, असेही नाही. भाव एकच असला तरी हिशेब आपला आपणच करायचा असतो. तो कसा करायचा ते या लेखात सांगत आहोत.

ही पद्धत आली कोठून?

खरसुंडी, पुसेगाव, माळेगाव येथील बैलांचे बाजार आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. दलालाने उपरणे हातावर टाकायचे, खाली बोटे धरून भाव बोलायचा, आणि बैलाचा मालक शेजारी उभा असून त्याला दोघांत काय ठरले याचा पत्ता नाही! जुन्या मोटारींच्या धंद्यातही बरीच वर्षे हेच चालले. फक्त उपरणे दिसत नव्हते, एवढेच.

अमेरिकेतही ग्राहकांची हीच तक्रार होती. तिथे जनरल मोटर्सच्या ‘सॅटर्न’ या गाड्या १९९० पासून एकाच भावाने विकल्या जाऊ लागल्या. १९९३ साली व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड गावी ‘कारमॅक्स’ या कंपनीने जुन्या गाड्यांचे पहिले दुकान काढले आणि तोच नियम जुन्या गाड्यांना लावला. तुम्ही त्यांच्याकडून गाडी घ्या किंवा घेऊ नका, तुमची गाडी ते ठरल्या भावाने घेणार, आणि तो भाव लेखी देऊन सात दिवस पाळणार, अशी तिथली रीत आहे. यातली खरी गोष्ट एकच भाव ही नाही. लेखी भाव आणि विचार करायला मिळणारे दिवस, ही खरी गोष्ट होय. आपल्याकडे अशा दुकानात जाल तेव्हा आधी हेच विचारा, की भाव लिहून देता का, आणि तो किती दिवस कायम राहील? “आत्ता दिली तरच हा भाव” असे म्हणणारा, पाटीवर काही का लिहिलेले असेना, जुन्याच वळणाचा समजावा.

भाव कसा निघतो?

आपण मनात हिशेब करतो तो खरेदीच्या किमतीवरून. “सात लाखांना घेतली, पाच वर्षे वापरली, चार तरी यायलाच पाहिजेत.” दुकानदार उलट्या टोकाने मोजतो. ही गाडी दुरुस्त करून, धुऊनपुसून उभी केली तर कितीला विकली जाईल, इथून तो सुरुवात करतो आणि एकेक खर्च वजा करीत खाली येतो.

समजा, त्याच्या मते ती गाडी ४,००,००० रुपयांना विकली जाईल. टायर, क्लच, रंगकाम मिळून २५,००० धरले. ने-आण व कागदपत्रे १०,०००. गाडी विकेपर्यंत गुंतलेल्या पैशाचे व्याज, जागेचे भाडे, नोकरांचे पगार, त्याचा नफा आणि नफ्यावरचा कर मिळून ४५,०००. म्हणजे तुमच्या हाती ३,२०,०००. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण रीत हीच. वस्तू व सेवा कर हा दुकानदाराच्या खरेदी-विक्रीतील फरकावर बसतो आणि तो त्याने भरायचा असतो. घरची मोटार विकणाऱ्या साध्या शेतकऱ्याकडून “जीएसटी कापला” असे कोणी वेगळे दाखवू लागला, तर तिथेच थांबवावे.

नव्या गाडीचा भाव पडला की जुनीचाही पडतो, हेही ध्यानात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली म्हटल्यावर जुनीला कालचा भाव कोण देणार? त्यात दुकानदाराची लबाडी नाही.

हीच गाडी गावातल्या माहितगार गिऱ्हाइकाने कदाचित ३,६०,००० ला घेतली असती. मधले ४०,००० ही सोयीची किंमत झाली. दहा माणसांना गाडी दाखवायची नाही, उधारी नाही, “पुढच्या बिलाला देतो” नाही. ही सोय आपल्याला तेवढ्याची आहे का, ते प्रत्येकाने आपल्या घरी ठरवावे. पैशाची निकड असली की माणूस हा विचार करीत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी गत होते. तेव्हा निकड येण्याआधी भाव काढून ठेवावा.

भाव पक्का, पण कपात?

आपण ऊस उत्पादक आहोत. ठरलेला भाव म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्याने शिकवायला नको. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी सरकारने ठरविली. त्यावर गव्हाणीपाशी कोणी घासाघीस करीत नाही. पण पट्टी हातात पडली की आपण काय पाहतो? वजन, उतारा आणि तोडणी-वाहतुकीची कपात. भाव एकच असतो, म्हणूनच बाकीचे रकाने नीट वाचावे लागतात.

मोटारीचेही तसेच आहे. फोनवर सांगितलेला आकडा हा अंदाज असतो. खरा आकडा तपासणीनंतर निघतो, आणि तो जवळजवळ नेहमी खालीच येतो. म्हणून तपासणीचा कागद मागून घ्या. मागचे टायर झिजलेले, दाराला डेंट, एसी कमी गार, अशा प्रत्येक बाबीची नोंद त्यात असते. भावावर हुज्जत चालत नाही हे खरे, परंतु नोंदीतली चूक दाखवायला कोणाची बंदी नाही. टायर सहा महिन्यांपूर्वी बदलले असतील तर पावती पुढे ठेवा. सर्व्हिसचे पुस्तक, दुसरी किल्ली, विम्याचे शिल्लक महिने, पहिलीच मालकी, हे सारे दाखवा. काट्यावर रिकाम्या ट्रॉलीचे वजन चुकीचे धरले तर आपण गप्प बसतो का? ही त्यातलीच गोष्ट आहे. उलट, अपघातात पत्रा बदलला असेल तर तोही लपवू नये. तपासणारा रंगाची जाडी मोजतो, आणि एक लबाडी सापडली की तुमचे खरेही खोटे ठरते.

आणखी एक. एका दुकानाचा एकच भाव असतो. सगळ्या दुकानांचा मिळून एकच नसतो. ज्याच्या आवारात त्या जातीच्या चार गाड्या पडून आहेत तो कमी देणार, ज्याला गिऱ्हाईक थांबून आहे तो जास्त देणार. तेव्हा किमान तीन ठिकाणचे लेखी भाव घ्या. आपली घासाघीस आता तोंडाने करायची नाही, पायाने करायची!

जुनी देऊन नवी घेत असाल, तर दोन्ही व्यवहार वेगळे मांडायला लावा. जुनीला वीस हजार वाढवून द्यायचे आणि नवीवरची सूट तेवढीच कमी करायची, ही युक्ती फार जुनी आहे. “जुनी दिली नाही तर नवी कितीला?” हा एक प्रश्न विचारला की सगळे उघड होते.

सातबारा आणि आरसी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जमीन विकली, पैसे घेतले, ताबा दिला, पण फेरफार झाला नाही, तर सातबाऱ्यावर नाव कोणाचे राहते? आपलेच. मोटारीचा सातबारा म्हणजे आरसी.

२००७ साली एका गृहस्थाने आपली मोटार विकली. ती पुढे आणखी दोनतीन हातांतून फिरली. २००९ मध्ये त्या मोटारीने अपघात केला, त्यात एकाचा जीव गेला. परिवहन कार्यालयाच्या दप्तरी नाव अजून पहिल्याच मालकाचे होते. हा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल झाला, की अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, भरपाईची जबाबदारी त्याची. “मी तर केव्हाच विकली” हे सांगणे उपयोगी पडले नाही. मोटारीचे पैसे केव्हाच खर्च झालेले, आणि भरपाईचा आकडा मात्र एखाद्या एकराला गिळून बसणारा! म्हणून पाचदहा हजारांच्या फरकापेक्षा या कागदाला जपा.

कायद्याने नमुना २९ मध्ये विक्रीची खबर परिवहन कार्यालयाला द्यायची असते. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर ती १४ दिवसांत द्यावी लागते. उसाचे पैसे देण्याची मुदतही १४ दिवसांचीच आहे, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवणे सभासदांना अवघड जाऊ नये. नमुना ३० हा नाव बदलण्याचा अर्ज. या नमुन्यांवर कोऱ्या सह्या देऊन घरी येण्याची खोड आपल्याकडे फार आहे. ती सोडली पाहिजे.

१ एप्रिल २०२३ पासून एक चांगली सोय झाली आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावे, असा नियम आला. ते पाच वर्षे चालते. अशा अधिकृत विक्रेत्याला गाडी देताना नमुना २९-सी ऑनलाइन भरला, की तेव्हापासून तो विक्रेता त्या गाडीचा मालक मानला जातो. पुढे ती कोणाला विकेपर्यंतची जबाबदारी त्याची. म्हणून दुकानात शिरल्यावर भावाच्याही आधी अधिकारपत्र पाहायला मागा, आणि २९-सी भरल्याची पोच घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. दुकान कितीही चकचकीत असो, ज्याच्याकडे हे अधिकारपत्र नाही तो आपल्या दृष्टीने एजंटच.

सही करण्यापूर्वी

गाडीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर कर्जफेडीचा दाखला व नमुना ३५ घेऊन तो आरसीवरून उतरवा. दुकानदार परस्पर कर्ज फेडणार असेल, तर किती रक्कम कोणाच्या खात्यात जाणार ते लिहून घ्या.

पैसे बँकेतूनच घ्या. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे आपल्याला होतो. रक्कम खात्यावर जमा झाल्याचे पाहूनच किल्ली द्या. नाव बदलेपर्यंत काही रक्कम दुकानदार राखून ठेवीत असेल, तर किती आणि कोणत्या तारखेला देणार, हे करारात आकड्यांनी यायला हवे.

गाडी ताब्यात दिल्याची पावती तारीख-वेळेसह घ्या. फास्टॅग बंद करा. जुने ई-चलन भरून टाका. विम्यात दावा न केल्याचा बोनस साठला असेल तर तो गाडीचा नसून आपला असतो. विमा कंपनीकडून त्याचा दाखला घेतला, तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या विम्यावर तो लावून मिळतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटी जो हप्ता असतो, त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट यामुळे मिळू शकते. पुष्कळजण हा दाखला घ्यायला विसरतात.

शेवटी, महिन्याभराने परिवहन खात्याच्या ‘एमपरिवहन’वर गाडीचा नंबर टाकून नाव बदलले की नाही ते पाहा. घरातल्या शाळकरी मुलालाही हे काम जमते. नाव बदललेले दिसेल त्या दिवशी आपली गाडी विकली गेली असे समजावे, त्याआधी नाही.

एकाच भावाचे दुकान ही सोय आहे, आणि ती वापरायला हरकत नाही. मात्र पट्टी जशी आपण उजेडात धरून वाचतो, तसा तिथला प्रत्येक कागद वाचून घ्यावा, आणि घरात कोणी जाणते असेल तर त्याला बरोबर न्यावे, एवढीच सभासदांना आमची विनंती आहे.