देवगिरीचं वृंदगान
समूहगायनाचं चोख वर्णन तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, लिहिलं गेलं. यादव राजा सिंघणाच्या दरबारी हिशेबाचं खातं सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर'मध्ये उत्तम वृंदाची मोजदादच दिली आहे (हिशेबनीसच तो!): मुख्य गायक 4, साथीचे गायक 8, गायिका 12, बासरीवादक 4, मृदंगवादक 4.

त्याच ग्रंथात लय तीन प्रकारची: द्रुत, मध्य, विलंबित. मध्य द्रुताच्या दुप्पट संथ, विलंबित चौपट. रसांना स्वर नेमलेले: षड्ज-ऋषभ वीर, अद्भुत, रौद्राला; धैवत बीभत्स-भयानकाला; गांधार-निषाद करुणाला; मध्यम-पंचम हास्य-शृंगाराला.

वृंदानं मुख्य गायकामागं जावं, मंद्र, मध्य, तार तिन्ही स्थानांत फिरावं, हे ओघानं आलंच. त्यातला खरा मार्मिक गुण वेगळा: एकाचं गाणं मध्येच तुटलं, तर दुसऱ्यानं ते सावरून घ्यायचं.